वरच्या दोन चौकटी

रोवेनाने मान वर केली आणि भिंतीवर तिला ती स्वतःच दिसली. लाल सायकलवर, दोन्ही पाय हँडलवर टाकलेले, तोंड उघडं, पुढच्या दोन दातांत बोटभर फट. लोरेन गावच्या वाचनालयाचं तळघर, मार्चमधली शनिवारची दुपार, बुटांत शिरलेलं बर्फाचं पाणी आणि हातात कागदी कपातली बेचव कॉफी. अशा अवस्थेत माणूस स्वतःला भेटायच्या तयारीत नसतो. तिला आधी वाटलं, चष्म्याचा घोळ आहे. वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढूनही स्वतःचा बायफोकल, वर दूरचं आणि खाली जवळचं भिंग असलेला चष्मा तिच्या अंगवळणी पडला नव्हता. डोळ्यांच्या वरचं जवळून वाचायचं तर हनुवटी छताकडे करावी लागे आणि गिऱ्हाइकांना ती खुशाल सांगे की सवय होते हो. तिने हनुवटी वर केली. चित्र तेच राहिलं. पोरीच्या फ्रॉकला छातीवर एकच मोठं पिवळं बटण होतं, आणि त्या बटणाच्या चार भोकांतला दोरा चितारताना बाबा नेहमी एक भोक रिकामं सोडत, ते इथेही रिकामं होतं. वर्तमानपत्राच्या त्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, जून १९५८. आणि ही तारीख मात्र तिने पुन्हा वाचली, कारण जून अठ्ठावन्नमध्ये ही पोरगी जगात नव्हती. तिला त्याच्या आदल्या हिवाळ्यातच पुसून टाकलं होतं.

"काय गं, भूत पाहिलंस का?" लुडीने मागून विचारलं. लुडी म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण, नाक लाल, डोक्यावर लोकरीची टोपी, तिनेच रोवेनाला घरातून ओढून आणलं होतं. वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांची शंभर वर्षं असं काहीतरी प्रदर्शन आहे, तुझ्या बाबांची पानं असतील, चल, फुकट आहे, असं म्हणून. रोवेना येणार नव्हती. बाबांची पानं पाहायला काय जायचं? ती तिने जन्मभर पाहिली होती.

"लुडे, ही तारीख वाच."

"अठ्ठावन्न."

"आणि ही कोण?"

लुडीने पुढे वाकून पाहिलं. "तूच की. बटण." मग तिच्याही डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण ती सरळ उभी राहिली आणि पुटपुटली, "पण तुला तर काढून टाकलं होतं ना? माझ्यामुळे."

माझ्यामुळे, हे खरं होतं. तिचे बाबा एल्डन स्ट्राऊड यांच्या 'मागचा जिना' या चित्रपट्टीत एक खाणावळ होती, खाणावळीची तापट मालकीण होती, टोपीवेडे मिस्टर टिब्स होते, एक आळशी कुत्रा होता आणि बटण नावाची एक पोर होती. ती पोर कुणावर बेतली आहे हे गावातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. पोळीला जॅम लावताना रोवेनाने नाक खुपसलं की दोनेक महिन्यांनी रविवारी बटणाच्या नाकाला जॅम लागलेला असे आणि सोमवारी शाळेत सगळे तिच्या नाकाकडे बघत. तिला ते आवडायचंही. नवव्या वर्षापर्यंत आवडलं. मग लुडीने, जिचं तेव्हा तिच्याशी हाडवैर होतं, मधल्या सुट्टीत एक गाणं रचलं: बटण तुटलं, चड्डी सुटली! अख्खा वर्ग ते म्हणू लागला, नंतर अख्खी शाळा, नंतर पोलादाच्या कारखान्यातून घरी जाणारे मोठे बाप्येसुद्धा. एका रात्री जेवताना रोवेनाने काटा ताटात आपटला आणि ती ओरडली, मला काढा त्यातून. उद्याच्या उद्या काढा. मला नाही दिसायचं तुमच्या घाणेरड्या पेपरात. आई म्हणाली, असं बोलतात का बाबांशी. बाबांनी तोंडातला घास गिळला आणि ते म्हणाले, "बरं. गावच्या पेपरात तू पुन्हा दिसणार नाहीस."

बस्स, एवढंच. आणि बाबा शब्दाचे पक्के. चित्रं दोन-अडीच महिने आधी काढून पाठवावी लागत, त्यामुळे ख्रिसमसपर्यंत बटण दिसत राहिली आणि मग एका रविवारी दिसेनाशी झाली. रोवेनाला वाटलं होतं, तिला मावशीकडे पाठवतील, आजारी पाडतील, निदान मालकीणबाई म्हणतील की कार्टी गेली कुठे. कुणी काही म्हटलं नाही. मिस्टर टिब्सची टोपी उडाली, कुत्रा तिच्यावर बसला, बाया जिन्यावरून भांडल्या. पोरीवाचून कुणाचं काही अडलं नाही. त्या वयात तिला हे नीट मांडता आलं नसतं, पण तिला बाबांनी नाही म्हणायला हवं होतं. रडारड करायला हवी होती, म्हणायला हवं होतं, अगं तुझ्याशिवाय माझी पट्टी चालायची कशी? ती चालली. झकास चालली. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठून रंगीत पान उघडायची, झर्रकन नजर फिरवायची आणि कुणी बघायच्या आत पालथं करून ठेवायची. हे तिने विशी ओलांडल्यावरही केलं, लग्नानंतरही केलं. बापलेकीत भांडण असं नव्हतंच कधी. हवापाण्याच्या गप्पा होत, गाडीच्या टायरांच्या होत. फक्त मागच्या पडवीतल्या बाबांच्या खोलीत ती पुन्हा गेली नाही, आणि त्यांनीही ये म्हटलं नाही, आणि आपल्याला किती सहज खोडता येतं हे तिने मनाशी पक्कं धरून ठेवलं. मोठेपणी नोकरीत बढती हुकली, तेव्हाही तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं. आपण खोडण्यासारख्याच आहोत, असं तिला वाटलं होतं.

आणि ही इथे सायकल चालवत होती. रोवेना पुढच्या पानापाशी गेली. कॉफी सांडली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. पुढच्या पानावरही होती! एका चौकटीत दातांना तारा लावलेल्या, दुसरीत तोंड घट्ट मिटलेलं, आणि शेजारी कुत्रा तिला हसवायला शेपटीवर उभा. तारा तिला बाराव्या वर्षी लागल्या होत्या आणि महिनाभर ती घरात हसली नव्हती, आणि बाबांनी ते पाहिलं होतं तर! त्याच्या पुढच्या पानावर ती गाडी शिकत होती. पहिल्या चौकटीत ऐटीत चाक धरलेलं, दुसऱ्या चौकटीत गाडीच्या नाकावर चर्चची सूचनांची पाटी, पाटीवर लिहिलेलं, देव सगळं पाहतो. रोवेना मोठ्याने हसली. पाटी खरोखर पाडली होती तिने, आणि बाबा तेव्हा एका शब्दाने बोलले नव्हते, फक्त पाद्रीबाबांना भेटायला हॅट घालून गेले होते. मधूनच तिला भीती वाटे की पुढच्या पानावर आपण नसू. पण ती असे. प्रत्येक वेळी असे. हिरव्या झग्यात नाचाला निघालेली, (झगा निळा होता बाबा, निळा!), सुटकेस घेऊन जिना उतरणारी, दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला चष्मा उलटा घालणारी. वय वाढत होतं. तारांनीही न मिटलेली फट तशीच होती. बटणही तसंच होतं, कोटावर, झग्यावर, दुकानातल्या पांढऱ्या डगल्यावर, एका भोकात दोरा नसलेलं.

"पण आपण कशी पाहिली नाहीत गं ही?" लुडी तिच्या मागे धावत होती. "मी तर दर रविवारी वाचायची. आईशप्पथ, एकही चुकवला नाही."

तेव्हा रोवेना थांबली. कारण तिला दिसलं की बटण प्रत्येक पानावर एकाच जागी होती: सगळ्यात वर, पट्टीच्या नावाशेजारच्या दोन चौकटींत. त्याच्या खाली टिब्स होता, मालकीण होती, गावाने वाचलेली गोष्ट होती, ओळखीची. वरचा भाग अनोळखी होता. बाबा त्याला टोपी म्हणत. रविवारच्या पट्टीला वरती दोन चौकटींची टोपी काढावी लागते, आणि ती अशी काढावी लागते की पट्टी छापणाऱ्या गावोगावच्या पेपरांपैकी एखाद्याने ती कापून टाकली तरी खालच्या गोष्टीचं काही बिघडू नये. पेपरवाल्यांना जाहिरातीला जागा लागते ना. लहानपणी ती त्यांच्या टेबलाखाली बसून विचारायची, मग काढता कशाला? आणि बाबा शिट्टी वाजवता वाजवता म्हणायचे, एखादा घालतो गं टोपी. लोरेनच्या पेपराने एकही रविवार टोपी घातली नाही. तिथे टायरांच्या दुकानाची जाहिरात असे. लोरेनच्या माणसांना 'मागचा जिना' म्हटलं की टायरांखालून सुरू होणाराच ठाऊक, आणि त्याला वर काही असतं हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही. तिलासुद्धा नाही, जिने टेबलाखाली बसून ते ऐकलं होतं. तिला वाटे, वर एखादं मांजर असेल, एखादा ढग.

गावच्या पेपरात तू पुन्हा दिसणार नाहीस.

"लबाड!" रोवेना म्हणाली. "लुडे, काय लबाड माणूस होता तो! गावच्या पेपरात म्हणाला. *गावच्या.* आणि मी म्हातारी व्हायला आले तरी मला कळलं नाही!" ती एका जागी उभी राहू शकत नव्हती. दोन पावलं पुढे जाई, परत येई. तिला राग आला होता आणि तो राग इतका सुखाचा होता की तिला कुणाला तरी गदगदा हलवावंसं वाटत होतं. तिने लुडीलाच हलवलं.

"अगं बाई! माझी पिट्सबर्गची मावशी," लुडी टोपी सावरत म्हणाली, "दर ख्रिसमसला विचारायची, तुमची ती बटण आता कॉलेजात गेली ना? आम्ही म्हणायचो, मावशीचं डोकं फिरलंय. आम्ही तिचा मद्याचा पेला लपवून ठेवायचो गं!"

आणि मग रोवेनाला आपल्या लग्नातली नवऱ्याची एक दूरची काकू आठवली, तीही तिकडचीच, जिने तिचा गाल ओढून म्हटलं होतं, अगदी पेपरातल्यासारखीच हसतेस की. रोवेनाला वाटलं होतं, काकूला जुनं काहीतरी आठवतंय. म्हणजे त्या सगळ्या वर्षांत, ती इथे रविवारी पहाटे स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहून स्वतःला शोधत असताना, शंभरेक मैलांवर कुणीतरी अनोळखी बाई अंडी तळता तळता नवऱ्याला सांगत होती, अहो, बटणाच्या तारा निघाल्या बरं का. परक्या घरांत ती वाढत होती. परकी माणसं तिच्यासाठी खूश होत होती. हे सगळं आपलं होतं आणि आपल्याला कुणी दिलं नाही, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच आलं की दिलं होतं, दर आठवड्याला दिलं होतं, टायरवाल्याने मध्येच उचललं. बाबांना गोड बोलता येत नसे. वाढदिवसाला ते पाकिटावर नुसतं नाव लिहीत, आत नुसती सही. पण या चौकटी त्यांनी फेकण्यासाठी काढल्या नव्हत्या. फेकायच्या चौकटीला कुणी इतकी पार्श्वभूमी काढत नाही, चर्चच्या पाटीवर खिळेसुद्धा काढत नाही. तिने काचेवर बोट ठेवलं आणि खिळे मोजल्यासारखं केलं.

"काचेला हात नको, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. दाराशी घडीच्या खुर्चीवर बसलेला बो-टाय लावलेला म्हातारा उठून आला होता. छातीवरच्या कार्डावर नाव होतं, डॉक्टर ऑर्विल पेन्झा, संग्राहक, पिट्सबर्ग. ही सगळी पानं त्याचीच. "माफ करा हं. पण ही आता फार थोडी उरलीत. आमचा पेपर तेवढा ऐसपैस छापायचा, म्हणून माझ्याकडे पूर्ण आहेत. तुम्हाला आवडली वाटतं ही पोरगी?"

"कोण आहे ती?" रोवेनाने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला. लुडीने तिच्या बरगडीत कोपर मारलं.

"तेच तर कुणाला ठाऊक नाही. स्ट्राऊड मोठा घुमा माणूस. मी त्यांना पत्रं टाकली, उत्तर आलं, शेजारची पोर आहे, म्हणून." म्हातारा पुढे आला, आणि मग बोलता बोलता थांबला. त्याची नजर रोवेनाच्या तोंडावर खिळली होती. "मी चाळीस वर्षं दातांचा डॉक्टर होतो," तो हळूच म्हणाला. "जरा हसता का?"

"आता काय बोलायचं!" लुडी म्हणाली. "हस ना गं. डॉक्टर सांगतायत."

रोवेना हसली. हसू तिला आवरतच नव्हतं, सांगायची गरज नव्हती. डॉक्टर पेन्झांनी खिशातून चष्मा काढला, लावला, तिच्या दातांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा दातांकडे पाहिलं, आणि मग बो-टाय सरळ केला, कुणा मोठ्या माणसाच्या घरात शिरताना करतात तसा. "तुम्ही लग्न केलंत तेव्हा," ते म्हणाले, "माझी बायको रडली होती."

मग त्यांनी तिला दंडाला धरून सगळीकडे फिरवलं. इकडे ही बघा, तिकडे ती बघा. आमच्याकडे अजून पेट्यांत आहेत, घरी या, माडीवर सगळी खोली भरलीये, हवे तितके दिवस राहा. लग्नाचं पान त्यांनी आणलं होतं: बटण जिन्यावरून नवरीचा जाळीचा बुरखा सांभाळत खाली येतेय, आणि दुसऱ्या चौकटीत बुरख्याचं टोक कुत्र्याच्या तोंडात. रोवेनाचं लग्न कोर्टात झालं होतं, साध्या कोटावर. बाबा सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते आणि लगेच निघाले होते, काम आहे म्हणून. हे काम होतं होय? ती त्या बुरख्याकडे पाहत राहिली. बुरख्याची जाळी एकेक रेघ ओढून काढलेली होती, नाजूक, वेड्यासारखी, आणि तिला खात्री होती की ते शिट्टी वाजवत बसले असणार, आणि तिला त्या शिट्टीचा सूर आठवेना, पण शाईचा आंबूस वास मात्र या तळघरात, ओल्या बुटांच्या वासातही, तिच्या नाकात शिरला.

"आणि आता हे शेवटचं," डॉक्टर म्हणाले. "हे मी मुद्दाम दाराशी लावलंय. खरं सांगायचं तर अपयश आहे माझं."

रोवेनाने तारीख पाहिली. मार्च १९७९. बाबा जानेवारीत गेले होते. आधी काढून पाठवलेली पानं नंतर दोन महिने येत राहिली होती आणि आई म्हणाली होती, माणूस गेला तरी याची टोपी उडतेच आहे. शेवटच्या रविवारी रोवेना आईकडे होती. पहाटे उठून तिने पान उघडलं होतं, शेवटचं. टायर. टिब्स. कुत्रा. तिने सवयीने नजर फिरवली होती, सवयीने पालथं घातलं होतं, आणि मग ओट्याला टेकून ती एवढी रडली होती की तिला वाटलं होतं, हे बाबांसाठी आहे. ते बाबांसाठी नव्हतं. शेवटपर्यंत नाहीच आठवण झाली माझी, यासाठी होतं. आज तिला ते आपलं आपल्याला कबूल करता आलं, कारण आज टायर नव्हते. तिने हनुवटी वर केली. मान दुखत होती. भिंगाचा खालचा भाग नीट जागेवर आणायला तिला तीनदा डोकं हलवावं लागलं.

पहिल्या चौकटीत बटण होती, तिशीची, झोपेतले केस, अनवाणी, स्वयंपाकघरात पेपर उघडून उभी. पेपराचा वरचा भाग कात्रीने कापून नेलेला होता. तिच्या पाठीमागे दाराच्या फटीतून एक हात आत आला होता, नुसता हात, मनगटापर्यंत, बोटांना शाई लागलेला, आणि त्या हातात तो कापलेला तुकडा होता, तिच्या डोक्याच्या अगदी वर धरलेला. दुसऱ्या चौकटीत तिने पेपर पालथा केला होता. ती कुत्र्याला सांगत होती, "आजही माझ्याबद्दल काही नाही." हात तिथेच होता, वाट बघत.

म्हणजे त्यांना माहीत होतं. दर रविवारी, पहाटे, ती झर्रकन फिरणारी नजर, ते पालथं घालणं. दाराच्या फटीतून कुणीतरी ते सगळं पाहत होतं. रोवेनाच्या घशातून एक आवाज आला, आधी तो काय आहे हे तिलाही कळेना, आणि मग तो हसू निघाला. खदखदून, पोट धरून, पन्नाशीच्या बाईने वाचनालयात हसू नये असं. लोक वळून बघायला लागले. लुडीही हसत होती, टिपं गाळत, कारण लुडीही लोरेनचीच होती. रोवेनाला भिंतीला टेकावं लागलं. डोळे वाहत होते, चष्म्यावर वाफ आली होती, आणि तिला जन्मात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

डॉक्टर पेन्झा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "सांगा ना काय ते," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "एकोणीस वर्षं मी या चित्राकडे बघतोय. आख्ख्या पिट्सबर्गमध्ये विचारलं. कापलेला पेपर, तो हात, यात हसायचं काय? हा विनोद कुणाला कळला नाही हो."

"नाही कळायचा," रोवेना चष्मा पुसत म्हणाली. "तो तुम्हाला सांगितलेलाच नव्हता, डॉक्टर."